मेघालय डायरी: पारंब्यांचे पूल, साडेतीन हजार पायऱ्या आणि आत्या

परत येऊन महिना झाला, पोटऱ्या आत्ता कुठे माझ्या झाल्यात. मेघालयचं ठरलं तेव्हा मी, नवरा आणि आत्या असे तिघंच होतो. आत्या 64 वर्षांची, गुडघ्याला पट्टा, त्यामुळे तिने खाली दरीत पूल बघायला यायचं नाही, वर होमस्टेला बसून पुस्तक वाचायचं असं ठरलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

आम्हाला बघायचे होते ते झाडाच्या जिवंत मुळांचे पूल, खासी भाषेत जिंगकिएंग जरी. त्यातही जे पूल गावकरी पुन्हा उभे करतायत, पडीक झालेले परत वापरात आणतायत ते बघायचं डोक्यात होतं. नोंग्रियातचा डबल डेकर, म्हणजे एकावर एक दोन मजल्यांचा पूल, सगळेच बघतात, आम्हीही बघितला, पण खरी ट्रिप शेवटच्या तीन दिवसांत झाली.

दिवस 1, शनिवार: गुवाहाटी ते सोहरा

विमान, टॅक्सी, शिलाँगचा ट्रॅफिक, हे सगळं सोडून देते. संध्याकाळी सोहऱ्याला पोचलो. सोहरा म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं चेरापुंजी. ऑगस्ट 1860 ते जुलै 1861 या एका वर्षात इथे 26,461 मिलिमीटर पाऊस पडला, तो विक्रम अजून कायम आहे. आणि आम्ही पोचलो तेव्हा काय? कोरडं पिवळं गवत, भणाण वारा, आणि होमस्टेच्या काँग (बाईंना इथे आदराने काँग म्हणतात, पुरुषांना बाह) म्हणाल्या की पाणी जपून वापरा. आत्याला हे इतकं आवडलं की ती दोन दिवस येईल त्याला सांगत होती, चेरापुंजीत पाणी जपून वापरा म्हणाले!

पण त्यात गंमत कमी आणि खरं जास्त आहे. डोंगराची माती पाऊस धरून ठेवत नाही, सगळं पाणी दऱ्यांतून थेट खाली बांगलादेशच्या सपाटीवर. पावसाळ्यात त्याच ओढ्यांचा लोंढा होतो, त्यावर लाकडी साकव टाकला तर तो वर्षभरात कुजणार नाहीतर वाहून जाणार. म्हणून या लोकांनी कुजणारच नाही असं लाकूड शोधलं, म्हणजे जिवंत.

दिवस 2, रविवार: आमचा गाढवपणा

टीप पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: रविवारी काही प्लॅन करू नका. गावं बहुतेक ख्रिस्ती आहेत, रविवारी दुकानं बंद, गाड्या नाहीत, गाइड नाहीत. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही असं म्हणणार होते पण नवऱ्याने एका ठिकाणी वाचलं होतं आणि विसरला होता. त्याच्यावर दिवसभर पुरेल एवढी चर्चा झाली.

पण चर्चमधून येणारं गाणं ऐकत धुक्यात फिरलो तो या ट्रिपमधला सगळ्यात शांत दिवस. दुपारी काँगना दया आली, त्यांनी आपल्या घरच्या जेवणात आम्हाला बसवलं. मला आणि नवऱ्याला जादोह, म्हणजे मांसाच्या रश्श्यात शिजवलेला भात. आत्या शाकाहारी, तिच्यासाठी जा स्टेम, हळद घातलेला पिवळा भात, सोबत बटाटा आणि हिरव्या मिरच्यांची झणझणीत चटणी. शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा, तुंगरिम्बाई नावाची आंबवलेल्या सोयाबीनची चटणी मिळते, ऐकायला शाकाहारी वाटते पण बरेचदा त्यात डुकराचं मांस असतं. आधी विचारा.

जेवण झाल्यावर क्वाय आली. कच्ची ओली सुपारी, विड्याचं पान, चुना. पाहुण्याला ही द्यायचीच. आत्या म्हणाली मी कोकणातली, मला सुपारीचं काय सांगता. दोन मिनिटांनी तिचं कपाळ घामाने डबडबलं, कान लाल, भिंतीला टेकून बसली. सुपारी लागली! काँग खो खो हसल्या, पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. यांना एकमेकींची भाषा येत नाही पण त्यानंतर त्या दोघींचं जे जमलं ते जमलं. संध्याकाळी आत्याने जाहीर केलं की ती उद्या खाली येणार.

दिवस 3: टिर्ना ते नोंग्रियात

टिर्ना गावापासून नोंग्रियातपर्यंत साधारण साडेतीन हजार पायऱ्या. उतरताना वाटतं यात काय आहे. टिर्नाला बांबूच्या काठ्या भाड्याने मिळतात, घ्या, लाजू नका. बूट ग्रिपवाले, आणि सामान अर्धं वर ठेवून द्या. आत्या काठी टेकत, तोंडाने मारुतीस्तोत्र म्हणत आमच्या पुढे पन्नास पावलं. वाटेत नोंगथिम्माईजवळ फाटा फुटतो तिथे रिटिम्मेनचा पूल आहे, एकच मजला पण साधारण तीस मीटर लांब. मला हा डबल डेकरपेक्षा जास्त आवडला कारण तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

पुढे दोन लोखंडी दोरांचे झुलते पूल लागतात, खाली निळंहिरवं पाणी आणि मोठमोठे धोंडे. मधोमध गेल्यावर पूल असा हलतो की पोटात गोळा येतो. तारा काही ठिकाणी गंजलेल्या दिसत होत्या. आमचा गाइड, विशीतला शांत मुलगा, म्हणाला, हा पूल जुना होतो तसा कमजोर होतो, आमचा जुना होतो तसा मजबूत. तो हे सगळ्याच पाहुण्यांना सांगत असणार, पण खालून त्या तारांकडे बघत ऐकलं की पटतं.

डबल डेकर दुपारी बघितला. फोटोंत बघून बघून डोळे सरावलेले असतात, तरी समोर उभं राहिल्यावर मी गप्प झाले. झाड म्हणजे रबराचा वड, फायकस इलॅस्टिका, आपल्याकडे कुंडीत लावतात तेच जाड चकचकीत पानांचं. त्याच्या पारंब्या ओढ्यावर आडव्या नेल्यात, पोफळीचं खोड मधोमध चिरून कोरून त्याची पन्हळ करायची, त्यातून कोवळी पारंबी सरळ पलीकडे न्यायची, तिथे मातीत रुजली की ती जाड होत जाते आणि ताण घेते. बऱ्याच ठिकाणी पन्हळीऐवजी बांबूचा सांगाडा बांधतात. माणूस चालू शकेल असा पूल व्हायला पंधरा ते तीस वर्षं लागतात. पारंब्या एकमेकींना घासल्या की साल झिजून त्या एकजीव होतात, एकीतलं पाणी दुसरीत जातं. म्युनिकच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या लोकांनी 74 पुलांचा अभ्यास करून 2019 मध्ये शोधनिबंध छापला, त्यात हे सगळं आहे. त्याआधी 1844 मध्ये हेन्री यूल नावाच्या ब्रिटिश लेफ्टनंटने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये या पुलांबद्दल आश्चर्याने लिहून ठेवलंय. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा पाहुणाही आमच्यासारखाच आ वासून उभा राहिला होता.

एक गोष्ट मात्र खटकली. आमच्यासमोर बारा चौदा जणांचा ग्रुप खालच्या मजल्यावर उभा राहून ड्रोनसाठी हात हलवत होता, आणि एक जण वरच्या मजल्याची पारंबी धरून लोंबकळत होता. गाइड त्यांना काही बोलला नाही. नंतर मला म्हणाला, रोज किती जणांना सांगणार.

रात्री गावातच राहिलो. डाळ भात ऑम्लेट, बिनदुधाचा लाल चहा, आणि झऱ्याचा आवाज इतका की नवऱ्याचं घोरणं ऐकू आलं नाही.

दिवस 4: चढण

सकाळी रेनबो फॉल्सच्या वाटेवर मॉसॉचा पूल बघितला. यात मुळं आणि लोखंडी तारा दोन्ही आहेत. नवऱ्याला हा भेसळ वाटला. मला नाही वाटला, लोकांना पलीकडे जायचंय, जे हाताशी आहे त्याने पूल उभा राहतो. यावरून आम्ही चढणीच्या पहिल्या पाचशे पायऱ्या भांडलो, नंतर श्वास पुरेना म्हणून वाद मिटला.

चढणीबद्दल जास्त लिहीत नाही. आम्हाला तीन तास लागले, मी दोनदा रडकुंडीला आले, आणि पाठीवर शंकूसारखी टोपली घेतलेल्या, तिचा पट्टा कपाळावर अडकवलेल्या बायका आम्हाला मागे टाकून बोलत बोलत वर गेल्या. आत्या म्हणाली, अगं हळू चाल पण थांबू नकोस, थांबलीस की गुडघा धरतो. ती बरोबर होती.

दिवस 5: पिनुर्सला आणि रंगथिलियांग

ठरलेली गाडी आलीच नाही, फोन बंद. शेवटी शेअर सुमोने तुकड्या तुकड्यांनी पोचलो, अर्धा दिवस गेला. (टीप: रोख पैसे भरपूर ठेवा, शेअर सुमोत आणि गावांत तेच चालतात, नेटवर्कचा भरवसा नाही.)

पिनुर्सलाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कुंचे वाळत घातलेले, मैलोन् मैल. आपल्या घरात जो गवती झाडू असतो ना, त्याचं गवत हे. फेब्रुवारी म्हणजे काढणीचा सीझन, सगळं गाव रस्त्यावर. आत्याने एक कुंचा उचलून, झटकून, पारखून बघितला आणि मान डोलावली. विकणाऱ्या बाईला फार आनंद झाला.

रंगथिलियांगला ज्ञात जिवंत पुलांमधला सगळ्यात लांब पूल आहे, पन्नास मीटरच्या वर. याच गावचा मॉर्निंगस्टार खाँगथॉ, त्याने लिव्हिंग ब्रिज फाउंडेशन सुरू केलं, जुने पूल दुरुस्त करणं, नवीन लावणं, पोरांना शिकवणं हे काम ते लोक करतात. आमची भेट झाली नाही, पण त्या भागात कुणालाही पुलांबद्दल विचारलं की बोलण्यात त्याचं नाव येतंच.

उतरण नोंग्रियातपेक्षा लहान पण उभी. पूल दिसला तेव्हा आधी कळलंच नाही की हा पूल आहे, झाडीतून एक काळीभोर दोरी दरीवर ताणल्यासारखं वाटलं. खाली बघायचं नाही असं ठरवून मी मध्यापर्यंत गेले आणि बघितलंच. आत्या काठावर बसून राहिली, म्हणाली मला इथूनच छान दिसतंय. एवढ्या दिवसांत तिने पहिल्यांदा माघार घेतली.

दिवस 6: ज्या गावाचं नाव लिहीत नाही

होमस्टेवाल्या बाहनी सांगितलं, जवळच्या एका गावात उद्या पुलाचं काम आहे, बघायचं असेल तर चला. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही, का ते पुढे कळेल.

तासभर सुपारीच्या बागांतून खाली उतरलो. तेजपत्त्याची झाडं, त्यांवर चढलेले मिरीचे वेल, आत्या अगदी माहेरी आल्यासारखी. खाली ओढ्यावर वीस पंचवीस माणसं होती, घरटी एक माणूस यायचं असं गावच्या सभेत, म्हणजे दोरबारमध्ये ठरलेलं. पूल फार मोठा नाही, असेल पंधरा एक पावलांचा. पण अवस्था बघून कळत होतं की मध्ये बरीच वर्षं इकडे कुणी फिरकलं नव्हतं.

काम बघणाऱ्या पन्नाशीच्या बाहनी मोडक्या हिंदीत जे सांगितलं ते असं: वर डांबरी रस्ता झाला. लोक रस्त्याने जायला लागले. खालच्या वाटेवर रान माजलं. वाटेने माणूस जात असला की जाता जाता एखादी सुटलेली पारंबी आत खोचतो, एखादा दगड सरळ करतो, पुलावर उगवलेलं रोपटं उपटतो. त्यासाठी कुणी मुद्दाम येत नाही. माणूस जायचा थांबला की पारंब्या वाटेल तिकडे जातात, पुलाच्या मातीत दुसरी झाडं रुजतात, आणि मग एका पावसाळ्यात वरून ओंडका येतो आणि एक बाजू घेऊन जातो. पूल नंतर तुटतो, म्हणाले, आधी वाट तुटते.

मग आता परत का? तर पलीकडे त्यांच्या सुपारीच्या बागा आहेत. मध्यंतरी तारेचा पूल होता तो गंजून गेला, आता रस्त्याने वळसा घालून जायचं म्हणजे पाठीवर ओझं घेऊन दीड तास जास्त. दुसरं कारण तरुण पोरांनी सांगितलं: पाहुणे येतील, होमस्टे होतील. 2022 मध्ये हे पूल युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्यापासून सगळ्या गावांत ही चर्चा आहे.

यावर तिथल्या एका आजींनी जोरात काहीतरी म्हटलं आणि सगळे हसले. भाषांतर: पाहुणे येतील, पुलावर उभे राहतील आणि फोटो काढत बसतील, मी सुपारीची टोपली घेऊन मागे थांबायचं का? पोरांकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, मी तेव्हा पुलाचाच फोटो काढत होते. म्हणून नाव लिहीत नाही, पुलाचं काम पुरतं होऊ दे, मग गाव काय ते ठरवेल.

काम असं चाललं होतं. दोघं जण कोयत्याने पुलावर उगवलेली परकी रोपं काढत होते, मुळाला धक्का न लावता, फार सावकाश. बाकीचे तुटलेल्या बाजूला बांबूचा सांगाडा बांधत होते. तो दोन तीन पावसाळ्यांत कुजणार, मग परत बांधायचा, मुळं जाड होईपर्यंत हे चालू राहणार. आणि आजीसारखी जुनी माणसं कोवळ्या पारंब्या निवडून जुन्या मुळांच्या फटींतून ओवत, पीळ देत सांगाड्यावर नेत होती. हे बोटांचं काम आहे, वेणी घातल्यासारखं. जास्त ओढलं तर पारंबी तुटते, सैल सोडलं तर खाली लोंबते. शेवटी चालायच्या जागी चपटे दगड आणि माती भरायची.

मला आणि आत्याला बांबूच्या ओल्या कामट्या दिल्या आणि गाठी मारायला सांगितलं. नवरा दगड वाहत होता. नायलॉनची दोरी का नाही असं त्याने विचारलं तर एका पोराने एक जुनी पारंबी दाखवली, कधीतरी कुणीतरी नायलॉनने बांधलेली, मूळ फुगलं आणि दोरी आत रुतून गळा आवळल्यासारखी खाच पडलेली. कामटी तोवर कुजून गळून पडते.

आत्याच्या गाठी आजींनी बघितल्या, बोटाने ताण बघितला, पुढे गेल्या. लहानपणी दर वर्षी साकव बांधायला मदत केलीये मी, असं आत्या मला म्हणाली. हे मला 38 वर्षांत माहीत नव्हतं. त्यांच्या गावचा साकव जाऊन आता स्लॅब आलाय, तिने तो विषय तिथेच सोडला. माझी गाठ आजींनी सोडली, परत बांधली, माझ्याकडे बघून काहीतरी बोलल्या. कुणी भाषांतर केलं नाही.

दुपारी केळीच्या पानात बांधून आणलेला भात, सुकी मासळी, चटणी. आत्याने भात, चटणी आणि पिशवीतला आपला मेतकुटाचा डबा काढला. डबा पंगतीत फिरला आणि रिकामा परत आला. क्वाय आली तेव्हा आत्याने फक्त पान घेतलं, सुपारी पदरात बांधली.

तीन वाजता आभाळ भरून आलं आणि फेब्रुवारीत पडायला नको असा पाऊस पडला. दहा मिनिटं, पण काय पाऊस! पुलावरून लोक हसत पळाले, एकेकटे, मध्ये अंतर ठेवून, घाईतही दोघं एकत्र पुलावर गेले नाहीत.

दिवस 7: रिवाई, डावकी, परत

मॉलिन्नाँगजवळचा रिवाईचा पूल गाडीरस्त्यापासून अगदी जवळ आहे, ज्यांना पायऱ्या जमत नाहीत त्यांनी हाच बघावा. गर्दी भरपूर, थांबू नका, पुढे चला असं सारखं सांगतात आणि ते बरोबरच आहे. फोटो काठावरून काढा, पूलही नीट दिसतो. डावकीचा 1932 चा लोखंडी झुलता पूल आणि उमंगोट नदीचं काचेसारखं पाणी बघून संध्याकाळी शिलाँग, दुसऱ्या दिवशी विमान.

उरलेल्या टिपा एका दमात: नोव्हेंबर ते मार्च कोरडं असतं, पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात पण धबधबे तेव्हाच खरे. नोंग्रियातला एक रात्र तरी राहा, त्याच दिवशी चढून येऊ नका. गाइड गावातलाच घ्या. ‘खुब्लेई’ एवढा एक शब्द शिका, धन्यवाद म्हणून चालतो आणि माणसं खुलतात.

परवा त्या गावातल्या पोराला व्हॉट्सअॅपवर विचारलं, पुलाचं कसं चाललंय, माझी गाठ आहे का अजून? दोन दिवसांनी उत्तर आलं, चर्चच्या टेकडीवर गेल्याशिवाय त्याला नेटवर्क मिळत नाही. फोटोत पाच सहा कामट्या दिसतायत, एकीला नवीन पारंबी चिकटून पुढे गेलीये. खाली लिहिलंय: ही तुमच्या आत्यांची. तुमची आजींनी परत बांधली होती ना, ती पण त्याच संध्याकाळी काढली.